आठांपैकी सात

नर्स त्रीनु पंधरा दिवसांनी एकदा येते,
बूट दाराशी काढून नुसत्या मोज्यांनी आत येते
आणि प्रश्नांचा कागद टेबलावर पसरते.
झोप लागते का. जेवण गोड लागतं का.
आपण कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही असं वाटतं का,
वाटत असेल तर किती दिवस.
बेरीज करून म्हणाली, सल्मे, सौम्य आहे.

सौम्य.
हा शब्द मला चांगला माहीत आहे, पोरी.
सदतीस वर्षं ह्या हियुमा बेटावरच्या हवामान केंद्रात
दर तीन तासांनी बाहेर जाऊन मी आभाळ मोजलंय.
किलोमीटरपलीकडचं दिसत असेल
तर धुकं लिहायचं नाही, विरळ धुकं लिहायचं.
त्या विरळ धुक्यातच आर्नोची होडी खडकावर गेली.
दाट धुक्यात कुणी होडी काढतच नाही.

मला दुखत काहीच नाही.
कॉफी निवते आणि मी तिच्याकडे बघत बसते.
राईच्या पावाचा घास तोंडात नुसता फिरतो.
रेडिओ लावावा असं वाटतं, आणि वाटण्यानंच दमायला होतं.
डिसेंबरात साडेतीनला दिवस मावळतो;
मी तीनलाच पडदे ओढते.
त्यानं जाण्याआधी आपणच दार लावलेलं बरं.

गोळ्यांचं पुढे बघू, त्रीनु म्हणाली.
तूर्त रोज एकदा बाहेर, ठरल्या वेळी, मन असो नसो.
आणि ही वही. शून्य ते दहा, आत किती दाटलंय ते लिहायचं.
मी म्हटलं, आभाळाचे दहा भाग होत नाहीत,
आम्ही आठ करतो.
आठ म्हणजे पूर्ण झाकलेलं.
हसली. म्हणाली, बरं, आठ.

सोमवार, सकाळी नऊ. वर आठ, आत आठ.
मंगळवार. वर तीन, आत आठ.
बुधवारी गेले नाही.
गुरुवार. फाटकापर्यंत. वारा नैर्ऋत्येचा. आत आठ.

शुक्रवारी सव्वानऊला एंडेलचा फोन.
कानानं अधू, त्यामुळे ओरडूनच बोलतो:
वारा कुठला? जाळं टाकायचंय!
मोबाइलमध्ये बघ की, मी म्हटलं.
म्हणाला, मोबाइल खोटं बोलतो.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच.
आता खिडकीतून बघून वारा सांगणं
नोकरीत कधी केलं नाही, ते ह्या वयात कसं करू?
कोट चढवायचा, जुनिपरच्या झुडपांपुढे मोकळ्यावर जायचं,
गाल वाऱ्याला द्यायचा.

सहा आठवड्यांनी दुकानात
हिल्या माशांचे डबे पिशवीत भरता भरता बोलून गेली,
एंडेलनं होडी विकली ना,
ऑक्टोबरातच, गुडघ्यांपायी.

आधी राग आला.
मी काय कुकुलं बाळ आहे?
रस्ताभर मनातल्या मनात त्याला फैलावर घेतलं,
बर्फावर घसरता घसरता वाचले, त्याचंही खापर त्याच्यावर.
चुलीत लाकूड सारताना मग सुचलं,
सव्वानऊच्या आत त्यालाही उठावं लागत असेल,
फोनपाशी येऊन बसावं लागत असेल,
घसा खाकरून.

सकाळी फोन वाजला.
वायव्येचा, मी सांगितलं. जोर फारसा नाही.
जाळं जरा खोल टाक.
पलीकडे कुणी नसल्यासारखी शांतता.
मग, त्याच्या मानानं अगदी हळू:
टाकतो.

काल त्रीनु आली. बेरीज अजून सौम्यच येते.
रात्री दोनला जाग येते ती येतेच,
पाव अजून पावासारखा लागत नाही.
वही चाळता चाळता एका ओळीवर थांबली:
नऊ फेब्रुवारी. वर आठ, आत सात.
एकानंच कमी? तिनं विचारलं.

मी तिला नियम सांगितला.
सगळं आभाळ भरलेलं असलं
आणि कुठेतरी नखाएवढी फट दिसली,
तर आठ लिहिता येत नाही.