चार मिनिटं अकरा सेकंद

वसमतच्या आमच्या शाळेत
नववी ब मध्ये एक्केचाळीस लेकरं, टॅब अकरा.
अकराव्याची काच तडकलेली, तरी चालतो.

अवयव पाडण्याचा तास मी घरीच रेकॉर्ड केला,
मध्येच शिट्टी नको म्हणून कुकर उशिरा लावून.
ज्याला जसं झेपेल तसं बघा, म्हटलं.
नाझनीन पठाणनं दीडपट वेगानं बघितला, एकदाच,
आणि पुढच्या धड्याला हात घातला.
विश्वंभर तीन आठवडे नव्हताच.
घरी हळद शिजत होती.
आला तेव्हा बोटं पिवळी,
आणि टॅब असा तिरपा धरून बसला
की शेजारच्याला दिसू नये
आपण अजून कुठं आहोत.

शनिवारी सगळी गेल्यावर मी नोंदी उघडल्या.
कोण कुठं थांबलं, कुठून मागं गेलं.
विश्वंभर: बावीस वेळा मागं.
बावीसही वेळा एकाच जागी,
चार मिनिटं अकरा सेकंद.
काचेवर, थांबवायच्या खुणेपाशी,
हळदीचा ठसा.

मी तिथून ऐकलं.
माझाच आवाज, ठणठणीत:
"मधलं पद सात क्ष. म्हणजे तीन क्ष आणि चार क्ष.
हे तर उघडच आहे."

उघडच आहे.
एकोणीस वर्षं म्हणत आले.
फळ्यापाशी म्हटलेलं डस्टरसोबत जायचं,
मी वळेपर्यंत माना हललेल्या असायच्या,
त्याच्याही.

रविवारी तेवढा तुकडा पुन्हा केला.
ते वाक्य काढलं.
त्या जागी विचारलं, "सात कसे फोडायचे?"
आणि चाळीस सेकंद गप्प राहिले.
बाहेर कुणाची तरी मोटर चालू होती, तीही आली त्यात.

सोमवारी नाझनीन म्हणाली,
"मॅडम, व्हिडिओ अडकला."
अडकला नाही गं.

मग मागच्या बाकावरून,
टॅब पहिल्यांदाच सरळ ठेवून, तो:
"तीन आन् चारच काहून?
पाच आन् दोन बी सातच होतात की."

वर्गात कुणीतरी हसलं.
नाझनीन हसली नाही.
पुढं सरकवायला उचललेलं तिचं बोट
तसंच राहिलं काचेवर.
तिला उत्तर येत होतं,
काहून ते नव्हतं येत.

मी खडू उचलला होता.
"थांबा," ती म्हणाली, त्याला की मला, कळलं नाही,
"शेवटी बारा होते ना?
त्या बाराचं काय?"