अख्खं वजन

वडाळ्याच्या वजनकाट्यावर बाबांनी बावीस वर्षं पावत्या फाडल्या.
ट्रक आला की माल उतरवायचा नाही,
भरलेलाच तोलायचा.
आकडा बघून म्हणायचे, क्लीनर उतरलेला नाही,
झोपलाय मागे.

मी परळला, खिडकी नसलेल्या खोलीत बसून
तेच करणारा प्रोग्राम लिहिते.
बाकीचे लोक प्रथिन कापून तुकडे तोलतात.
आम्ही अख्खंच यंत्रात उडवतो,
आणि पडद्यावर शिखरांचं रान माजतं.

एका प्रथिनाची एवढी शिखरं कशी?
पटवेकर मॅडम म्हणाल्या, कपाट एकच आहे गं.
कधी सोळा हमाल उचलतात, कधी सतरा, कधी अठरा.
तुला दिसतो तो एकेकाच्या खांद्यावरचा वाटा.
वाट्यांवरून कपाट सांग.
आणि हमालाचं स्वतःचं वजन वजा करायला विसरू नकोस.

विसरले होते.
दोन आठवडे प्रत्येक कपाट सोळा-सतरानं जड.

मग सुरू झालं एका डाल्टनचं दुखणं.
हिमोग्लोबिनची साखळी, पंधरा हजार आठशे सदुसष्ट;
प्रोग्राम कधी म्हणे अडुसष्ट, कधी सहासष्ट.
मी बारा ओळी लिहिल्या:
एखाद्या डाल्टननं घसरलं तर कान धरून जागेवर आण.
अहवाल इस्त्री केल्यासारखे निघू लागले.
मला त्या बारा ओळींचा फार अभिमान होता.

नमुना एक्केचाळीस. चेंबूर कॅम्प, मुलगी, वय नऊ.
प्रोग्राम म्हणाला, नेहमीसारखं.
मॅडम पडद्याला नाक लावून बसल्या.
हा डोंगर बघ. उजवा उतार ठीक आहे,
डावीकडे पाय पसरलेत.
एक नाही हा. दोन आहेत, एकमेकांच्या अंगावर रेललेले.
एक आईकडून आलेला, एक बापाकडून,
मध्ये जेमतेम एक डाल्टन.

एकटा असला तर हा बदल जन्मभर कुणाला कळायचाही नाही.
सोबतीला दुसरा वाईट मिळाला, तर रक्ताचे हाल.
पोरीला काही होणार नाही, मॅडम म्हणाल्या,
पण तिच्या कागदावर तो असायला हवा.
मी तोच कान धरून जागेवर आणला होता.

बारा ओळी पुसल्या.
आता अहवाल पुन्हा वेडेवाकडे येतात
आणि शेवटी एक नवा रकाना असतो: खात्री नाही.
डॉक्टरांना तो आवडत नाही.

बाबांना फोनवर सांगितलं.
डाल्टन काय ते त्यांना कळलं नाही.
म्हणाले, काटा हलत असला तर पावती फाडायची नाही.
मागे कोणीतरी झोपलेलं असतं.