मध्यम लहरी

बँडचं नाव स्खूर.
आमच्या झीलंडमध्ये स्खूर म्हणजे शेतामागचं कोठार,
आणि आम्ही खरंच तिथे वाजवायचो,
क्रैनच्या बापाच्या कांद्यांमध्ये.
भिंतीवर, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर,
त्रेपन्नच्या पुराची रेघ होती.
ॲम्प्लिफायर रेघेखाली ठेवायचा नाही, असा त्याच्या बापाचा नियम.
म्हणून तो पेट्यांच्या उतरंडीवर,
आणि आवाज वरून यायचा, प्रवचनासारखा.

बावीस मिनिटांची कॅसेट लंडनला पाठवली,
ट्रस्कॉटच्या नावाने.
ॲड्रीने पाकिटात एक कांदा घातला.

ट्रस्कॉट रात्री दहानंतर बोलायचा,
शेजारच्या खोलीत किल्ल्या शोधणाऱ्या माणसासारखा.
समुद्र ओलांडताना त्याचा आवाज भिजायचा,
मधेच एखादं जर्मन स्टेशन
त्याला कोपराने बाजूला सारायचं.
आम्ही रेडिओ उचलून खिडकीशी नेला, मग जिन्यात,
शेवटी कळलं, आमच्या स्वयंपाकघरात
फ्रिजवर ठेवला की नीट लागतो.

अकरा रात्री काही नाही.
बारावी रात्र रविवारची.
आमच्या घरात रविवारी
सायकलसुद्धा भिंतीला टेकून विश्रांती घ्यायची.
बाबा चर्चच्या पंचांपैकी एक, नऊला दिवा मालवायचे.
आवाज इतका बारीक ठेवला
की तिघांची डोकी फ्रिजच्या दाराला चिकटलेली.

तो म्हणाला, हॉलंडहून एक पत्र आलंय, आणि एक कांदा.
कांदा मी खाल्ला.
आता ऐका, शूर.

शूर!
मधला तो खाकरा
त्याला इंग्रजी घशात सापडलाच नाही.
ॲड्री हसला, क्रैनने त्याच्या तोंडावर हात दाबला,
आणि आमचं गाणं आलं,
पलीकडच्या किनाऱ्यावरून, आम्हालाच,
जरासं खारट होऊन.

संपलं. दोन क्षण नुसती खरखर.
मग तो म्हणाला, नाही, थांबा, पुन्हा लावतो.
आणि पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या ड्रमवरचं एक अक्षर
क्रैनने काळ्या रंगाखाली घातलं.
आम्ही त्याच्या तोंडचे झालो.
शूर वगैरे नव्हतो. फ्लिसिंगनहून रात्रीच्या बोटीत बसलो
तेव्हा तिघेही ओकलो.
हल, लेस्टर,
आणि नाव विसरले असं एक गाव,
तिथे अठ्ठावीस माणसं होती
आणि त्यातल्या एकाने कांदा आणला होता.
ट्रस्कॉट भेटला नाही. स्टुडिओत त्याची चिठ्ठी होती,
बिस्किटांच्या पुड्याला लावलेली. अक्षर लागलं नाही.

मग क्रैनच्या बापाची कंबर गेली,
आणि कांदे कुणासाठी थांबत नाहीत.
भांडण झालं नाही.
लोक विचारतात, त्यांना भांडण हवं असतं.

आता मी कालव्यावरचा पूल उघडते, मिटते.
ट्रस्कॉट गेल्याचं एका नावाड्याने सांगितलं,
पुलाखालून जाताजाता, ओरडून:
याकोमिना, तुमचा तो इंग्रज गेला!
मागे तीन बोटी खोळंबलेल्या. मी हात हलवला.

त्या रात्री कॅसेट काढली,
रेडिओपुढे माइक धरून भरलेली.
गाण्यापेक्षा फ्रिजची घरघरच जास्त.
पहिली खेप, ॲड्रीचं हसू, खरखर,
पुन्हा लावतो.
दुसऱ्या खेपेत, मधल्या कडव्याच्या जरा पुढे,
लांबून एक खोकला.
माझा नाही. क्रैनचा नाही.
ॲड्री तर श्वासच धरून होता.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.
त्या रात्रीबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत,
ना रागाचा, ना दुसरा.
मी टेप मागे घेतली, परत ऐकली.

पहिल्या वेळी जिना उतरले असतील,
रेडिओ बंद करायला.
दुसऱ्या वेळी
नुसते उभे.