गाढव नदीत असताना

चादर लान्येरोची.
तिनं दोनदा बजावलं, चिखल लागता कामा नये,
उद्या तान्ह्याला गुंडाळायची आहे.
एक टोक आंब्याला, एक शाळेच्या खांबाला.
मधोमध ठिगळ,
नट कुठलाही असो, त्याच्या गालावर यायचंच.

मी भोंग्यावरचा माणूस.
सिनेमा ज्या भाषेत बोलतो
ती किटगुमच्या पुढे कुणालाच येत नाही,
मलाही अर्धीच. उरलेलं मी रचतो,
अचोलीत, जरा तिखटमीठ लावून.

इथं दिवस मावळला की मुलं
चटया डोक्यावर घेऊन शहराकडे चालत सुटायची,
दुकानांच्या ओट्यांवर झोपायला.
ती मुलं आता बाप झालीत.
त्यांना मी सांगतो, कंदील मालवा, बसा.
हे सांगताना दर गावी माझा घसा कोरडा पडतो.

बसले. चादरीच्या पुढे गाव.
चादरीच्या मागे, गवतात, सातजण,
ज्यांना पोरवयात रानात ओढून नेलं होतं
आणि जे परत आले.
काय काय करून आले, ते विचारायचं नाही असं ठरलंय.
कुणी ठरवलं, तेही.
त्यांना मागे बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.
पुढे या, असंही नाही.

सिनेमा गाढवाचा.
एक म्हातारा त्याला नदीपार नेतोय,
ते मधल्या पाण्यात अडून उभं,
गाव खदखदून हसतंय,
आणि जनरेटरनं मान टाकली.

गुडुप.

आमचा ओर्येम पेट्रोलवाल्याचा उद्धार करत धावला.
माझा भोंगा मुका.
मी मोजत राहिलो. एकजण पळाला की सगळे पळतील.
एक मूल रडलं. कुणीतरी त्याला शेंगा दिल्या असाव्यात,
फोलं मोडल्याचा आवाज आला.

मग मागच्या गवतातून ओजारा,
जो परतल्यापासून चार वाक्यंही बोलला नसेल :
“पाणी पिऊन घेईल, मग जाईल डावीकडे.”
पुढून एक म्हातारी तडकली :
“डावीकडे कशाला? त्याचं घर उजवीकडे.”
“डावीकडेच. मी बघत होतो.”
“आणि मी काय डोळे मिटून बसले होते?”
चारजण तिच्या बाजूनं, दोघं त्याच्या.
भांडण अगदी मनापासून.
या गावात इतकं साधं भांडण
मी आजवर ऐकलं नव्हतं.

ओर्येमनं गाडीचे दिवे लावले.
कोरी चादर, ठिगळ तेवढं मळकट.
मी खांबाशी, चादरीच्या कडेला,
मला दोन्हीकडचे दिसत होते
हात लांबवून भांडताना.
म्हातारीचा उजवा, ओजाराचा डावा,
बोटं दोन्ही हापशाकडे.

मी काही बोललो नाही.
भोंगा बंदच होता.

पेट्रोल मिळालं नाही. गाढव पाण्यातच राहिलं.
चादर सोडली तेव्हा खालच्या काठाला चिखल.
लान्येरोनं तो नखानं खरवडला,
काठ हुंगून पाहिला,
आणि विचारलं, परत कधी येणार?
म्हातारी घरी जाताना अजून पुटपुटत होती,
उजवीकडे.