छत्तीस घरं

रागन्फ्रिडने भिंतीवर चौकट आखली.
सहा आडव्या ओळी, सहा उभे रकाने,
छत्तीस घरं.
वरच्या ओळीत मालकांची भाषा,
खाली उतरत गेलं की तारा, सर्व्हर, स्क्रू.
रकान्यांच्या माथ्यावर प्रश्न:
काय, कसं, कुठे, कोण, केव्हा, का.
मराठीत हे सहाही 'क'चे सख्खे भाऊ.
तिच्या नॉर्वेजियनमध्ये पाच जण एकाच मुक्या अक्षराने सुरू होतात,
'केव्हा' तेवढा सावत्र.

वार्डो बंदरातली मासळीची कंपनी,
खरं तर तीन कंपन्या, एका दावणीला बांधलेल्या.
तीन पगारपत्रकं,
एकमेकांशी न बोलणारी दोन गोदामं,
आणि एकट्या कॉड माशाला सात कोड.
आधी पसारा मोजू, ती म्हणाली,
आवरायचं मग बघू.

नोव्हेंबर सरता सरता सूर्य गेला.
पिवळ्या चिठ्ठ्यांनी घरं भरत आली.
शीतगृहाची एक चिठ्ठी मात्र कुठेच बसेना:
तापमान चढलं की रात्री एक संदेश निघतो.
कसा? जुन्या प्रोग्राममधून,
ज्याला हात लावायला कोणी धजत नाही.
कुठून? तळघरातल्या यंत्रातून.
कोणाला?
टोरलाइव हेगस्टाद.

टोरलाइवला जाऊन तीन हिवाळे झाले होते.
आणि मासळी एकदाही नासली नव्हती.

रात्रपाळीच्या इसाकला विचारलं.
"फोन येतो की," तो म्हणाला. "बाईचा."

गल्लीच्या टोकाला, बर्फात अर्धं बुडालेलं दार.
गुडलौगने कॉफी ओतली.
ब्रेडच्या डब्याशेजारी
नवऱ्याचा फोन चार्जिंगला लावलेला, काच तडकलेली.
"हा वाजला की मी इसाकला उठवते.
कुंभकर्ण आहे मेला, सात-आठदा लावावा लागतो."
कंपनीला ठाऊक आहे?
"कोणी विचारलं नाही."
आणि तुम्ही हे का करता?
गुडलौगने फोनवरचा चुरा पदराने नाही, तळहाताने पुसला,
तिथे पदर नसतो.
"वाजतो ना तो," ती म्हणाली.

रागन्फ्रिड पुन्हा भिंतीसमोर.
बाई ना कर्मचारी, ना पुरवठादार, ना प्रणाली.
वरच्या मजल्यावरून निरोप आला:
क्रमांक बदला, संदेश थेट इसाकला जाऊ द्या,
दोन तासांचं काम.
दोन तासांचंच होतं.
एवढं केलं की चौकट पुरी,
आणि टेकाडाच्या अलीकडे एका स्वयंपाकघरात
फोन कायमचा गप्प.

तिने 'कोण'च्या घरात लिहिलं: गुडलौग.
'का'चं घर बराच वेळ बघत राहिली, तसंच सोडलं.
मग सावत्र भावाकडे वळली,
आणि 'केव्हा'च्या घरात
पेन्सिलीने, पुसता येईल इतपत फिकट, लिहिलं:
सूर्य परत आल्यावर.