खटक्याची पावलं

खटक्या चालतो, पण त्याला पाऊल नाही.
म्हणजे पाय आहेत, चार चौकटींत काढलेले.
आवाज नाही.
रंकाळ्याकडं पाठ करून बसलेल्या या खोलीत
रात्री एक वाजता मी फुकटाचं वेचत असते:
पोलंडातल्या कुणा पोरानं रंगवलेल्या विटा,
कुणाचे गंजके पाइप,
झाडं सगळी सूचिपर्णी, वर बर्फ.
बर्फ पुसून पुसून त्यांचा ऊस करायला बघते,
होत नाही.

फोल्डरचं नाव 'फुकट', त्यात 'फुकट नवीन',
त्यात 'हेच खरं फुकट'.
शेजारी वही. शर्वाणी हसते वहीला.
मी लिहिते, कुणाचं काय घेतलं,
नाव टाक म्हणाला की नको म्हणाला,
विकलं तर चालेल का, मोडलं तर चालेल का.
उद्या परत करायच्या आहेराची असते
तशी यादी.

'धातूचं पाऊल, सात' अशी एक फाइल मिळाली.
स्वच्छ. इतकी, की खटक्या
दवाखान्यात चालल्यासारखा वाटला.
फक्त शेवटी, अगदी बारीक, एक कुत्रं भुंकतं.
कुठल्या देशातलं, कोण जाणे.
ते मी कापलं नाही.

मग उद्यमनगर.
मुबारक शिकलगारांची शेड, जेवणाची सुट्टी,
माइकला माझाच एक पायमोजा.
"रोबोट? म्हंजे आमचा पोरगाच की.
सांगितल्याबिगर हलत न्हाई."
प्रेस पडली. वर जाताना तिनं
गुडघे दुखणाऱ्या बाईसारखा श्वास सोडला.
वीस वेळा पाडली त्यांनी,
पत्रा न लावता, रिकामीच, माझ्यासाठी.

पैसे विचारले तर म्हणाले,
"आवाजाचे? उद्या वाऱ्याचे घिऊ काय मग?"
ऐका, म्हणून मी हेडफोन दिला.
त्यांनी घातला, आणि डावी वाटी
कानामागं सरकवली.
"ह्यो बंद हाय. बत्तीस वर्सं हिच्या शेजारी."
प्रेसकडं बोट केलं,
घरच्या माणसाची ओळख करून द्यावी तसं.

रात्री आवाज कापला, खटक्याला चढवला.
तो चालला, आणि टेबलावरची पेन्सिल
हलल्यासारखी वाटली.
"नाद खुळा," शर्वाणी म्हणाली.
मग सगळ्यांसाठी ठेवायला घेतला.
खालची चौकट विचारते: किंमत?
'फुकट'वर बोट नेलं
आणि बोट तिथंच.
वहीत लिहिलेलं: शिकलगार, मुबारक. वीस पावलं.
पुढचा रकाना कोरा.

पहाटे पाठवला.
शेवटच्या ठोक्यानंतरचे चार सेकंद
तसेच ठेवलेत.
त्यात ते विचारतात, "च्या आला काय रं?"
कुणीतरी सांगतं, आलाय.
मग तेच, दुसऱ्यांदा, मोठ्यानं.