तीन शिट्ट्या

कुकरवर नाव कोरलेलं आहे :
चि. सौ. कां. इंदुमती हिस, मावशीकडून.
ही इंदुमती कोण, मला माहीत नाही.
आरमोरीच्या बाजारात मोडीवाल्याकडून
साडेतीनशेला घेतला, झाकणासकट.
दांडा दुसऱ्याच कुठल्या कुकरचा,
जरा डावीकडे कलतो.
आठ वर्षांत माझं मनगटही तसंच कलायला शिकलं.

सहा-दहा.
सात-वीसची गाडी चुकली तर पुढची साडेनऊला.
कुकरातच तेल, तेलात मोहरी,
ठेचलेला लसूण, मूठभर फल्लीदाणे,
एका वांग्याच्या चार फाका,
कालच्या पोपटाच्या शेंगांतले उरलेले दाणे.
(कढई काढली की कढई घासावी लागते.)
तांदूळ दीड वाटी, तुरीची डाळ अर्धी,
दोघांना एकच पाणी धुवायला.
हळद, तिखट, मीठ.
आणि तांदळावर बोट टेकवून
दुसऱ्या पेरापर्यंत पाणी.

या भाताला नाव नाही.
त्रिवेणी त्याला ‘सगळं’ म्हणते.
शाळेत मैत्रिणी विचारतात, डब्यात काय गं?
सगळं.

पहिलीला वेळ लागतो, तेवढ्यात माझी आंघोळ.
पहिली ते दुसरी, त्रिवेणीची उजवी वेणी.
दुसरी ते तिसरी, डावी.
डावी वेणी रोज सैल राहते,
तिसरी नेहमी लवकर येते.

मग दिवसभर आरोग्य केंद्रात
काचेवरचं रक्त बघायचं,
तापाचा किडा दिसतो का ते.
एका काचेवर शंभर जागा, मोजून.
मोजायची सवय तिथून घरी आली
की घरून तिथे गेली, आता सांगता येत नाही.
दुपारी डबा उघडते
तेव्हा बोटं निळी असतात, भात पिवळा.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी
शिट्टी आलीच नाही.
झाकणाच्या कडेनं नुसतं फुस्स,
शेगडीवर पिवळे ओघळ.
रबर काढलं, माठातल्या पाण्यात बुडवलं,
ओढलं, उलटं बसवलं,
कडेनं कणकेची वळी लावली.
फुस्स.
सहा-पंचावन्न झाले.
वेणी एकही नाही.

दारात कौसल्याबाई ठेंगरी, हातात राखुंडी,
अर्धे दात काळे :
‘काऊन वं, शिट्टी नाही वाजली आज?
बरी हायेस ना?’
तिच्यामागे मडाव्यांचा पोरगा, एकाच पायात चप्पल :
‘काकू, तुमच्या दुसरीवर उठतो ना मी!
आज उठलोच नाही.’
भिंतीपलीकडून आणखी कोणीतरी :
‘का झालं वं तिकडं?’

मी उभी. हातात काळं, ओलं, गोल रबर.
रबर गेलं, एवढंच म्हणाले.

कौसल्याबाईनं स्वतःचं रबर आणून पाहिलं,
दोन बोटं मोठं.
मग पदरानं कुकरच उचलला, गरम,
आणि आपल्या चुलीकडे निघाली.
‘तू जाय. मी पोरीच्या हाती धाडतो डबा.
तुही तिसरी झाली की
आमच्या बुढ्याला गोळी देतो मी.
घड्याळ कोन पाहते?’

गाडीत खिडकीची जागा मिळाली.
वडसा मागे पडेपर्यंत
मी बोटांनी गुडघ्यावर मोजत होते :
उजवी वेणी, मडाव्यांचा पोरगा,
बुढ्याची गोळी,
आणि भिंतीपलीकडचं ते कोण,
त्याचं काय असेल माझ्या पहिलीवर?

संध्याकाळी साठ रुपयांचं नवं रबर आणलं.
सकाळी पहिली अशी वाजली
की कुंपणावरच्या चिमण्या उडाल्या.
दुसरी. तिसरी.
हात बटणापर्यंत गेला
आणि तिथेच राहिला.

चौथी.

भात खाली जरासा लागला.
भिंतीपलीकडून लगेच कौसल्याबाई :
‘कोन पाहुना आला वं?’

झाकणावरची वाफ पुसता पुसता
मी नाव वाचून सांगितलं :
इंदुमती.